फंडपेटीतली चिल्लर बँकेत भरायची कशी?

आमच्या वाड्यावरच्या देवळाची फंडपेटी वर्षातून दोनदा उघडते, आणि ती चिल्लर बँकेत नेऊन भरायचं काम खजिनदार म्हणून माझ्या गळ्यात आहे. दुकानाच्या गल्ल्यातली किंवा पोरांच्या गल्ल्यातली चिल्लर भरायची असली तरी रीत हीच.

खातं ज्या शाखेत आहे तिथेच जा. आदल्या दिवशी फोन करा, नाणी मोजायचं काही शुल्क लावतात का तेही विचारून घ्या. महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस पेन्शनवाल्यांचे, आणि गणेशचवथीच्या आधीचा आठवडा तर विसराच. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारच्या आत पोचावं.

कुंकू-तेलाने चिकटलेली नाणी साबणाच्या पाण्यात धुऊन पंख्याखाली सुकवा. चिंचेने समया घासतात तशी घासू नका, कॅशियरला चकाकी नको असते. पावसाळ्यात मात्र दोन दिवस सुकू द्या. ओली नाणी प्लास्टिकमध्ये बांधली की आठवड्यात वास मारतात.

आता खरी गोची. ‘वजन करून दे, सुटलास,’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. २०११च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, म्हणजे शंभरांचे ४८५ ग्रॅम. पोसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या, इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाच पिशव्या तोलल्या, पाचही बरोब्बर. छाती फुगवून काउंटरवर ठेवल्या. कॅशियरबाईंनी एक पिशवी ओतली, तांदूळ निवडावेत तशी बोटाने पसरली आणि त्यातली सतरा नाणी माझ्याकडे सरकवली. सगळी एक रुपयाची! ‘आयज मेजपाक जावचें ना’ (आज मोजायला जमणार नाही), म्हणत पाचही पिशव्या परत दिल्या. चूक माझीच होती, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती.

झालं होतं ते असं. अंगठा वर केलेल्या हाताचं चित्र असलेला २००७च्या मालिकेतला रुपया आणि २०११च्या मालिकेतलं, ₹ चिन्हाचं दोन रुपयांचं नाणं, दोन्ही पोलादी, दोन्ही २५ मिलिमीटरची, आणि वजनही तेच. त्याच जुन्या मालिकेतलं मुठीचं चित्र असलेलं पन्नास पैशांचं नाणं आणि २०११च्या मालिकेतला रुपया, ही दुसरी जोडी: दोन्ही २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम. नव्या मालिकेत पन्नास पैसे, एक आणि दोन रुपयांची नाणी एकेक पायरी लहान झाली, म्हणून मोठ्या किमतीचं नवं नाणं लहान किमतीच्या जुन्याच्या मापाला येऊन बसलं. काट्याला हे कळत नाही. दहा-दहाच्या चवडी लावल्या तरी कळत नाही, कारण चवड सरळच उभी राहते. सिंहाची बाजू वर असेल तर डोळ्यालाही पटकन कळत नाही.

म्हणून माझा एकच नियम: आधी सगळी नाणी काळ्या कापडावर सपाट पसरायची, आकड्याची बाजू वर. प्रत्येक नाण्यावरचा आकडा वाचायचा, आणि मगच चवड लावायची. कंटाळवाणं आहे, पण हजार नाणी दोघांत तासाभरात होतात. बोलत-बोलत करू नका. आमच्याकडे भजनाच्या तारखांवरून वाद निघाला की हमखास चूक होते. रिझर्व्ह बँकेने एक-दोन रुपयांची नाणी तोलून घेणं बरं असं बँकांना सांगितलंय हे खरं, पण शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या दोघांनाही सोयीच्या पडतील असंही त्याच सूचनेत आहे. मी पिशव्यांच्या बाजूचा.

दहा आणि वीस सोपे: वीसचं नाणं बारा कोनांचं. जुन्या दहाच्या नाण्यावर ₹ चिन्ह नसेल तर घाबरू नका, ते चालतं; दहाच्या नाण्याचे चौदा नमुने वैध असल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८मध्येच जाहीर केलंय. पन्नास पैसेही चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून चलनातून गेली, ती बाजूला काढा. पाच आणि दहाची नाणी मी आधी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारतो. त्याला रोज सकाळी सुटे लागतात, आणि आपलं ओझं निम्मं होतं.

पिशवीवर मार्करने ‘₹२ × १००’ असं लिहा आणि स्लिपवरही तसाच हिशोब मांडा. मोजणी होईपर्यंत समोर उभे राहा. ‘ठेवून जा, उद्या बघू’ म्हणाले तर पिशव्यांची संख्या लिहिलेली, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

‘हजाराच्या वर नाणी घ्यायचा कायदा नाही,’ असं एखादा क्लार्क ऐकवील. २०११च्या नाणे कायद्यात हजार रुपयांची मर्यादा आहे, पण ती देणं फेडताना समोरच्यावर नाणी लादण्याला. खात्यात किती नाणी भरावीत यावर मर्यादा नाही, हे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलंय, आणि काउंटरवर आलेली नाणी नाकारू नयेत असंही. आवाज न चढवता मॅनेजरना भेटा. तरीही नाहीच म्हणाले तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, ऑनलाइन, फुकट. माझ्यावर ती वेळ आलेली नाही. ‘बाय, मी शंभर-शंभरच्या करून आणल्यात, आकडे वाचून,’ एवढं म्हटलं की काम होतं.

निघताना रिकाम्या पिशव्या मागून घ्या, त्या ठेवणं बँकेकडूनच अपेक्षित आहे. बाजूला काढलेली नाणी कमिटीच्या वहीत लिहून वेगळ्या बरणीत ठेवावीत. आमच्या बरणीत पंचवीस पैसे आहेत, दोन युरो सेंट आहेत, आणि एक शर्टाचं पितळी बटण, जे मी दोनदा पाचाचं नाणं म्हणून मोजलं होतं.