जुने कागद फिल्ममध्ये ठेवताना स्टॅटिकच्या या चुका टाळा

मोडी दस्त, जुनी जन्मपत्रिका, हाताने काढलेला नकाशा अशा कागदांसाठी पॉलिएस्टर फिल्म, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिक, उत्तम. तिच्यातलं स्टॅटिक, म्हणजे घासल्याने साठणारी स्थिर वीज, कागदाला सपाट धरून ठेवतं, पण तेच अक्षरं उचलूनही नेतं.

म्हणून आधी अक्षर तपासा. टॉर्च तिरका धरून भिंगातून पाहा. काजळीची शाई कागदावर बसलेली असते, मुरलेली नसते. तिचे पोपडे सुटू लागले असतील तर फिल्म नकोच. कोळसा, पेस्टल, मऊ पेन्सिल, सुटणारा रंग यांनाही हाच नियम. असा कागद आम्लमुक्त कागदाच्या घडीत, सपाट पेटीत ठेवावा.

सगळ्यात जास्त नुकसान कागद बाहेर काढताना होतं. पाकिटाच्या तोंडातून ओढला की घासून चार्ज वाढतो, कागद आणखी चिकटतो आणि ठिसूळ कड फाटते. त्यामुळे दोनच बाजू जोडलेलं एल आकाराचं पाकीट घ्या. वरची फिल्म कोपऱ्यापासून हळूहळू उलटा. झटक्याने सोलली तर चार्ज वाढतो. खाली आम्लमुक्त कागदाचा आधार सरकवा आणि दोन्ही एकत्र उचला. तरीही सुटत नसेल तर ओढू नका. पाकीट उघडं ठेवून खोलीतली आर्द्रता काही तास ५० ते ५५ टक्क्यांवर ठेवा; पृष्ठभागावरच्या ओलाव्याने चार्ज निघून जातो. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत हवा फार कोरडी असते, तेव्हा हे काम सकाळी लवकर करा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या तर उलटं होतं: स्टॅटिक वाढतं, कागदही ठिसूळ होतो.

फिल्म कोरड्या फडक्याने घासली तर चार्ज वाढून धूळ ओढली जाते. अँटी-स्टॅटिक स्प्रे तर अजिबात नको, त्याचा थर कागदाला लागतो.

दोन फिल्म दोन्हीकडून चिकटणाऱ्या (दुहेरी) टेपने चारही बाजूंनी बंद करताना स्टॅटिकवर विसंबून राहू नका. जड कागद सरकतो आणि टेपला चिकटतो. कागद आणि टेप यांच्यात निदान ३ मिमी जागा सोडा, कोपऱ्यांत हवेसाठी फट ठेवा. लहान कागदाला ७५ मायक्रॉन फिल्म पुरते, मोठ्या नकाशाला १०० किंवा १२५ घ्या.

पिवळा पडलेला आम्लयुक्त कागद फिल्ममध्ये बंद केला तर लवकर खराब होतो, म्हणून मागे अल्कधर्मी (आम्ल शोषून घेणारा) कागद ठेवा. कोकणात पावसाळ्यात दमट कागद बंद केला की बुरशी येते. पीव्हीसीची पाकिटं मात्र कुठल्याच कागदासाठी नकोत: त्यांतून आम्ल निघतं.