शुद्ध का हरपली? कारण शोधायचं कसं

माणूस अचानक कोसळतो, दोन मिनिटांत उठून बसतो, आणि भोवतालचे म्हणतात, "बीपी लो झालं असेल." चौकशी तिथेच संपते. ती संपू देऊ नका. ईसीजी, रक्त, स्कॅन हे सगळं नंतर. कारणाचा पहिला धागा बहुतेक वेळा ज्यानं पडताना पाहिलं त्याच्याकडे असतो.

१. आधी श्वास बघा. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वासही नीट चालत नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगानं छाती दाबायला लागा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, लगेच उठवून बसवू नका. तोंडात पाणी घालू नका, चमचाही नाही.

२. घड्याळ बघा, जमल्यास मोबाइलवर चित्रण करा. चेहरा पांढराफटक पडला की निळसर झाला? हातपाय झटकले का, किती वेळ? आत्ताच लिहून ठेवा. पाच सेकंद होते की पाच मिनिटं, हे संध्याकाळी कुणालाच सांगता येत नाही.

३. पडण्याआधीचा क्षण विचारा. सगळ्यात जास्त उत्तरं इथेच मिळतात.

बराच वेळ उभं राहणं, रक्त दिसणं, वेदना, उकाडा. मग घाम, मळमळ, जांभया, डोळ्यांपुढे अंधारी. ही साधी भोवळ. नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की सहा ते आठ सेकंदांत शुद्ध जाते. आडवं झालं की रक्त परत चढतं, म्हणून माणूस लवकर सावरतो.

उठून उभं राहताच पडला असेल तर झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजून घ्या. तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर कारण तिकडे शोधायचं: शरीरातलं पाणी कमी होणं, आतला रक्तस्राव, रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या. डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या.

धावताना किंवा जोर लावताना शुद्ध गेली, आडवं असताना गेली, आधी छातीत धडधडलं किंवा कसलीच चाहूल लागली नाही, तर संशय हृदयावर घ्यायचा. ठोक्यांची लय बिघडणं, झडप अरुंद होणं, स्नायू जाड होणं यांपैकी काहीही असू शकतं. घरात कुणी तरुण वयात अचानक दगावलं असेल तर ते न विचारता सांगा. अशा वेळी "आता बरं वाटतंय" याला काही अर्थ नाही.

४. नंतर काय झालं? झटके दिसले म्हणजे फिटच, असं नाही. साध्या भोवळीतही काही सेकंद हातपाय उडतात, आणि तेवढ्यावरून फिटच्या गोळ्या चालू झालेली माणसं आहेत. कपडे ओले झाले यावरूनही ठरत नाही. जीभ कडेनं चावली गेली, झटके मिनिटभर चालले, जागं झाल्यावर बराच वेळ माणूस गोंधळलेला राहिला, तर फिटची शक्यता वाढते.

५. तपासण्या. साखर तिथल्या तिथे मोजा, मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर नक्कीच. ७० च्या खाली म्हणजे कमी. ईसीजी प्रत्येकाचा व्हायला हवा, वय कितीही असो. तो नीट आला तरी हृदय सुटलं असं नाही, कारण लय त्या क्षणापुरतीच बिघडलेली असू शकते. मग २४ तासांचा होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. प्रसंग क्वचित येत असतील तर त्वचेखाली छोटा रेकॉर्डर बसवतात.

छातीत दुखणं, धाप, कधी नव्हे अशी डोकेदुखी, काळी शौच, गरोदरपणात पोटदुखी यांपैकी काहीही सोबत असेल तर तपासण्यांच्या तारखा बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

कारण सापडेपर्यंत गाडी चालवणं, शिडीवर चढणं, एकट्यानं पोहणं बंद. आणि न्हाणीघराची कडी आतून लावू नका.