पायलट चालू असताना मी कुठे बसलो होतो

पायलट, म्हणजे नवी पद्धत सगळीकडे आणण्याआधी लहान प्रमाणावर घेतलेली चाचणी, का घ्यायचा हे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो. मी जिथे फसलो तेवढंच सांगतो.

गोदामातल्या वह्या बंद करून बारकोड स्कॅनर आणायचे होते. पायलटसाठी मी दिवसपाळीची एक टीम निवडली. सगळे हौशी, सुपरवायझरही अनुकूल. चार आठवडे मी रोज त्यांच्याशेजारी बसलो. स्कॅन अडकला की उठायचो, कोड दुरुस्त करायचो, परत बसायचो. अहवालात चुका नावालाच होत्या. मंजुरी मिळाली आणि तिन्ही पाळ्यांत एकाच दिवशी सुरू केलं.

दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला गेलो. एक जण खोक्यांवर मार्करने आकडे लिहीत होता. हातमोज्यांमुळे स्क्रीन बोट ओळखत नव्हती, म्हणून पाळी संपताना तो सगळ्या एंट्र्या एकदम मारायचा. मधल्या आठ तासांत साठा सिस्टीममध्ये एक, रॅकवर दुसराच. चूक त्याची नव्हती. दिवसपाळीत तीच अडचण मी उठून निस्तरत होतो आणि माझं ते उठणं कुठेच नोंदलं नव्हतं.

लक्ष दिलं जातंय म्हटल्यावर माणसं वेगळी वागतात, याला हॉथॉर्न इफेक्ट म्हणतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924 पासून झालेल्या प्रयोगांवरून हे नाव पडलं. त्या निष्कर्षांवर पुढे बरेच वाद झाले, पण माझ्या दिवसपाळीत मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून कुरकुर करणारी टीम आधी घ्या. तुम्ही हाताने केलेली प्रत्येक दुरुस्ती वेळेसकट लिहा. शेवटचे दोन आठवडे तिथून पूर्ण बाजूला व्हा. नंतर जेवढी मदत मिळणार आहे तेवढीच तेव्हा मिळू द्या. किती चुका झाल्या तर थांबायचं, तो आकडा पहिल्या दिवसाआधी ठरवा. नंतर ठरवलात तर तो आलेल्या निकालाला बेतूनच निघतो. ‘पायलट म्हणजे फॉर्मॅलिटी’ म्हणणाऱ्या सीनियरकडून बाकी काहीही शिका, हे शिकू नका.

पायलट फसला म्हणून घाबरू नका. तो फसण्यासाठीच लहान ठेवलेला असतो. माझी नोकरी गेली नाही. दुसरा पायलट रात्रपाळीत घेतला, बटणांचे स्कॅनर देऊन. पहिल्या रात्री मला अकरा फोन आले. मी गेलो नाही, अकराही वहीत लिहिले.