सप्रेसरसाठी ट्रस्ट करताय? आधी घरातल्या माणसांची यादी करा

१ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत सप्रेसर (बंदुकीचा आवाज दाबणारी, नळीच्या टोकाला लावायची वस्तू), आखूड नळीची रायफल आणि आखूड नळीची शॉटगन यांवरचा २०० डॉलरचा केंद्रीय कर शून्यावर आला. १९३४ साली नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट झाला तेव्हापासून हा आकडा बदललाच नव्हता, त्यामुळे आता सगळंच सोपं झालं असा अनेकांचा समज झालाय. गेला आहे तो फक्त कर. अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, एटीएफची (बंदुकांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मंजुरी आणि नोंदणी हे सगळं जिथल्या तिथे आहे, आणि नोंदणी नसलेली अशी वस्तू जवळ सापडली तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मशीनगनवरचा २०० डॉलरचा करही कायम आहे. शिवाय १९ मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला ट्रस्ट करूनही, म्हणजे मालकी एकट्याच्या नावावर न ठेवता विश्वस्तांच्या कारभाराखाली ठेवूनही, घेता येत नाही, तेव्हा तो विषय इथेच सोडू.

सुरुवात राज्यापासून करा. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, हवाई आणि ऱ्होड आयलंड या ८ राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर ठेवता येत नाही. यातल्या निम्म्या राज्यांत तर आपली मराठी वस्ती दाट आहे. केंद्राची मंजुरी राज्याच्या बंदीवर मात करत नाही, आणि ट्रस्ट ही काही त्यातून काढलेली पळवाट नव्हे. टेक्सस किंवा जॉर्जियात राहत असाल तरी पुढच्या ४-५ वर्षांत नोकरीनिमित्त न्यू जर्सीला जायची शक्यता किती, हे आताच घरात बोलून घ्या. त्या वेळी ही वस्तू बरोबर नेता येणार नाही, ती आधी विकावी लागेल किंवा परवानगी असलेल्या राज्यातल्या सहविश्वस्ताकडे ठेवावी लागेल.

त्यानंतरची यादी माणसांची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हिच्यावरच घालवायला हवा. घरात कोण कोण राहतं, कोण कधी येऊन राहतं आणि प्रत्येकाचा इमिग्रेशन दर्जा काय, हे एका कागदावर लिहून काढा. ज्याचं ग्रीन कार्ड झालंय त्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येते. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला सर्वसाधारणपणे बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणाऱ्यांसाठी कायद्यात अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर कुणाला विश्वस्त नेमायचं असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय नेमू नका. आता हे आपल्या घरात बसवून बघा. तुमचं ग्रीन कार्ड नवऱ्याच्या आधी झालं असेल आणि तो अजून एच-१बीवर असेल, तर त्याला आज ट्रस्टी करता येणार नाही. आईबाबा बी-२ वर सहा महिने राहायला येतात, भाचा एफ-१ वर शिकतो आणि सुट्टीत तुमच्याकडे उतरतो. यांच्यातल्या कुणालाही बंदुकीच्या सेफचा, म्हणजे तिजोरीचा, आकडा माहीत असता कामा नये. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांपासून किल्ली लपवणं हा अपमान वाटतो, मला ठाऊक आहे. पण इथे वस्तू हातात घेतली नाही तरी ती घ्यायची सोय हाताशी होती, एवढ्यावरूनही ताबा धरला जाऊ शकतो, आणि त्याचा फटका बाबांच्या पुढच्या व्हिसाला बसू शकतो. ते येण्याआधीच आकडा बदला आणि का बदलला ते त्यांना नीट समजावून सांगा.

ट्रस्टचा खरा उपयोगही इथेच कळतो. सप्रेसर एकट्याच्या नावावर नोंदवला तर तो त्याच्याच ताब्यात राहायला हवा. तुम्ही महिनाभर भारतात गेलात आणि सेफ उघडता येणारी बायको घरी एकटी असली, तर ताबा कुणाचा हा प्रश्न उभा राहतो. दोघंही विश्वस्त असलात तर हा प्रश्नच येत नाही, कारण मालकी ट्रस्टची आणि प्रत्येक विश्वस्ताला ती वस्तू बाळगायचा हक्क. म्हणून जिला घरी सेफ उघडावी लागणार आणि जिचा दर्जा त्यात बसतो, तिला घ्या. दोस्तीखातर नेमबाजीच्या रेंजवरच्या चौघांची नावं घालू नका. त्यातल्या एकाला उद्या गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली, किंवा अगदी घरगुती हिंसाचाराच्या किरकोळ गुन्ह्यातही, तर त्याला कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, आणि त्याचं नाव ट्रस्टमधून काढायची धावपळ तुमच्या गळ्यात पडते.

कागद कुणाकडून करून घ्यायचा? घर आणि खाती ठेवायला केलेला लिव्हिंग ट्रस्ट यासाठी वापरू नका. तो लिहिणाऱ्याने बंदुकांचा कायदा डोळ्यांसमोर ठेवलेला नसतो. तुमच्या राज्यात हेच काम करणारा वकील गाठा आणि मसुदा हातात आल्यावर काही गोष्टी त्यात बोट ठेवून शोधा: ट्रस्ट रद्द करता येतो का, नवा विश्वस्त कसा घ्यायचा आणि जुना कसा काढायचा, एखादा विश्वस्त कायद्याने अपात्र ठरला तर त्याचे अधिकार आपोआप संपतात का, आणि तुमच्या पश्चात कारभार कोण बघणार. मुलं लहान असतील तर त्यांना लाभार्थी जरूर करा, पण ती वयात येईपर्यंत वस्तू कुणाच्या ताब्यात राहणार हेही लिहिलेलं हवं. बँकेत नॉमिनी लिहितो त्या सवयीने पुण्यातल्या भावाचं नाव पश्चात विश्वस्त म्हणून घालण्याचा मोह होतो. तो टाळा. भाऊ इथे येणार तो व्हिजिटर व्हिसावर, म्हणजे त्याला वस्तूला हात लावता येणार नाही, आणि सप्रेसर भारतात पाठवणं ही कुरिअरने भागणारी गोष्ट नाही.

ट्रस्टचं नाव छोटं ठेवा. पुढेमागे फॉर्म १ भरून स्वतः आखूड नळीची रायफल बनवायची असेल, म्हणजे १६ इंचांहून कमी नळीची, तर ट्रस्टचं नाव, शहर आणि राज्य धातूवर कोरावं लागतं. अक्षरं किमान ०.००३ इंच खोल हवीत, आणि अनुक्रमांक किमान १/१६ इंच उंच. आजोबांच्या पूर्ण नावाने ट्रस्ट काढलात तर रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर, जागा पुरणार नाही. आडनाव आणि पुढे ट्रस्ट, एवढं पुरे.

माणसांच्या नावांची तपासणी मात्र फुरसतीने करा. आपल्या लोकांचं इथेच अडतं. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, आणि ग्रीन कार्डवर स्पेलिंग चौथंच. ट्रस्टचा कागद, लायसन्स आणि एटीएफचा अर्ज तिन्हीवर एकच नाव असू दे, नसेल तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या. मग नोटरीसमोर सह्या करा. साक्षीदार लागतात का ते राज्यावर अवलंबून आहे.

१३ जुलै २०१६ पर्यंत ट्रस्टमार्फत अर्ज केला की ठसे द्यावे लागत नसत. त्या तारखेपासून नियम बदलला, आणि जुनी माहिती ऐकून अजूनही काही जण गाफील राहतात. आता प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा, म्हणजे व्यवहारात प्रत्येक विश्वस्ताचा, फॉर्म ५३२०.२३ लागतो, त्यासोबत वर्षभराच्या आत काढलेला २ बाय २ इंचाचा फोटो आणि ठसे. ग्रीन कार्डवाल्यांनी आपला ए-नंबर (कार्डावरचा इमिग्रेशन नोंदणी क्रमांक) हाताशी ठेवावा. या फॉर्मची एक प्रत आपल्या भागातल्या शेरिफला किंवा पोलीस प्रमुखाला पाठवायची असते. ती केवळ माहितीसाठी, त्यांची परवानगी मागायची नसते. दुसऱ्या गावी राहणारा विश्वस्त असेल तर त्याची प्रत त्याच्या भागात जाते.

विकत घेताना अर्ज फॉर्म ४ चा, आणि तो बहुतेक वेळा डीलरच ऑनलाइन भरून देतो. खरेदीदार म्हणून ट्रस्टचं नाव अक्षर न् अक्षर बरोबर पडलंय ना, हे सबमिट करण्याआधी स्वतः वाचा. मंजुरी येईपर्यंत वस्तू डीलरकडेच राहते. मंजुरी आल्यावर घ्यायला कुणीही नाही, विश्वस्तच जातो, फॉर्म ४४७३ भरतो आणि तिथेच त्याची पार्श्वभूमी पुन्हा तपासली जाते.

वस्तू घरी आली की त्याच दिवशी ट्रस्टच्या मालमत्तेच्या परिशिष्टात तिचा अनुक्रमांक लिहा. मंजूर अर्जाची आणि ट्रस्टची प्रत फोनमध्ये ठेवा, एक छापील प्रत बंदुकीच्या बॅगेत ठेवा, मूळ कागद सेफमध्ये. सप्रेसर घेऊन दुसऱ्या परवानगी असलेल्या राज्यात जायला एटीएफची वेगळी परवानगी लागत नाही. आखूड नळीच्या रायफलला लागते, फॉर्म ५३२०.२० वर, आणि निघण्याआधी. नवा विश्वस्त नंतर घेतलात तर आधीच्या मंजूर वस्तूंसाठी पुन्हा अर्ज करावा लागत नाही, पण पुढच्या प्रत्येक अर्जात त्याचेही ठसे आणि फोटो जातील.

तुमच्या पश्चात वस्तू लाभार्थ्याच्या नावावर करायची असेल तर फॉर्म ५ भरतात, त्याला कर नाही. पण तो भरणाऱ्याला आधी हे कळायला हवं की ही साधी बंदूक नाही. म्हणून पश्चात विश्वस्ताला एकदा घरी बोलवा, फाइल दाखवा, परिशिष्टातले अनुक्रमांक वस्तूंवरच्या आकड्यांशी त्याच्यासमोर जुळवा, वकिलाचा नंबर द्या, आणि मंजुरीच्या कागदांशिवाय यातलं काहीही कुणाच्या हातात द्यायचं नाही, हे त्याला स्पष्ट सांगून ठेवा.