जोसेफिन फॉल्सची घसरगुंडी: आधी डोंगर बघा, मग पाणी

ऑस्ट्रेलियात केर्न्सच्या दक्षिणेला साधारण ७५ किमीवर जोसेफिन फॉल्स आहे. गाडीतळापासून वर्षावनातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की खालचा डोह लागतो. त्याच्या कडेचा गुळगुळीत ग्रॅनाइटचा उतार म्हणजेच ती घसरगुंडी. वरचा धबधबा फक्त बघण्यासाठी. कठडा ओलांडू नका.

इथला धोका नुसता घसरण्याचा नाही, पाणी अचानक चढण्याचाही. ओढा येतो १,६०० मीटरहून उंच बार्टल फ्रीअर डोंगरावरून. डोहावर ऊन असलं तरी वर ढग फुटलेला असू शकतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, की सामान आवरत बसू नका, लगेच काठावर या. शिखर ढगात बुडालेलं असेल तर उतरूच नका. डिसेंबर ते एप्रिल पावसाळा असतो, त्यामुळे जून ते ऑक्टोबर बरा. पाणी मात्र तेव्हा गारठवतं.

घसरताना पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले, हात छातीशी. कोपरं टेकवली की सालटी निघतात. सूर मारू नका, पाण्याखाली शिळा आहेत. आधी खालच्या डोहात उतरून खोली चाचपा. शेवाळलेल्या दगडावर उभं राहण्यापेक्षा बसून सरका. चढतानाही आपटायला होतं. जाड कापडाची हाफपँट घाला, पातळ पोहण्याचा पोशाख दगडावर फाटतो.

पायवाट सोडून झाडीत शिरू नका. तिथे जिम्पी-जिम्पी नावाची वनस्पती असू शकते: हृदयाच्या आकाराचं, लवदार पान. आपल्या खाजकुइलीची खाज तिच्यापुढे किरकोळ, हिची आग महिनोन्‌महिने राहू शकते.