गच्चीवरचा म्यूऑन शोधक: या चुका टाळा

वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे म्यूऑन नावाचे कण समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक या प्रमाणात पोहोचतात, म्हणजे 1 चौरस मीटरच्या सिंटिलेटरमधून (कण गेला की प्रकाशाची चमक देणाऱ्या प्लॅस्टिकमधून) सेकंदाला सुमारे 170. हा आकडा पाठ असावा, कारण उघड्यावर ठेवलेला शोधक बिघडला तरी बहुधा बंद पडत नाही. तो आकडे देतच राहतो, फक्त ते म्यूऑनचे नसतात.

पहिला संशय प्रकाशगळतीवर घ्यावा. आमच्या पेटीतल्या नोंदी सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात दुपटीहून वाढत, आणि सूर्याचा काही परिणाम हाती लागला अशा समजुतीत आम्ही आठवडाभर आलेख काढत बसलो. ढगाळ दिवशी वाढ नाहीशी झाली तेव्हा पेटी तपासली. केबल आत शिरते तिथली काळी टेप उन्हाने सुटली होती. अशा वेळी पेटीवर काळ्या कापडाची दुहेरी घडी टाकून आकडा उतरतो का ते पाहावे, आणि रात्री टॉर्चचा झोत प्रत्येक सांध्यावरून सावकाश फिरवावा. फोटोमल्टिप्लायरचा, म्हणजे ती चमक टिपून विद्युतस्पंदात बदलणाऱ्या नळीचा, उच्च विद्युतदाब चालू असताना मात्र उजेडात झाकण उघडू नये. नळी कायमची निकामी होऊ शकते.

‘आम्ही सिंटिलेटरच्या दोन पट्ट्यांत एकाच वेळी झालेलीच नोंद घेतो, त्यामुळे गळती आपोआप गाळली जाते’ हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या नोंदींचा दर म्हणजे दोन्ही दरांचा गुणाकार, गुणिले कालखिडकीची (ज्या अवधीतल्या दोन नोंदी एकाच वेळच्या मानल्या जातात त्याची) दुप्पट. प्रत्येक पट्टी सेकंदाला 200 नोंदी देत असेल आणि खिडकी 100 नॅनोसेकंदांची असेल, तर हा दर सेकंदाला 0.008 म्हणजे नगण्य राहतो. पण गळतीमुळे प्रत्येक पट्टी 20,000 वर गेली की तोच दर सेकंदाला 80 होतो.

सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर (नळीऐवजी वापरायचा छोटा अर्धवाहक सेन्सर) वापरणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे बायस व्होल्टेज, म्हणजे सेन्सर चालवायला दिलेले व्होल्टेज, एकदा लावून विसरणे. ज्या व्होल्टेजच्या वर तो काम करू लागतो ते त्याचे ब्रेकडाउन व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशामागे, सेन्सरनुसार, साधारण 20 ते 50 मिलिव्होल्टने वाढते. पत्र्याची पेटी पहाटेपासून दुपारपर्यंत 30 अंशांनी तापली, तर वरच्या टोकाच्या सेन्सरमध्ये दीड व्होल्टचा फरक पडतो, आणि ब्रेकडाउनच्या वर जेमतेम तीन व्होल्टच्या अधिदाबावर चालणाऱ्या सेन्सरला तो फार मोठा आहे. पेटीला पांढरा रंग द्यावा, आत तापमापक ठेवावा आणि स्पंदांच्या उंचीच्या आलेखात म्यूऑनचे शिखर जागेवर आहे का ते रोज पाहावे. अर्जेंटिनातील पिएर ऑजे या वैश्विक किरणांच्या वेधशाळेत प्रत्येकी 12,000 लिटर पाण्याच्या सुमारे 1,660 टाक्या दीड-दीड किलोमीटरवर पसरल्या आहेत; त्यांचे मापनही असेच पार्श्वभूमीच्या म्यूऑनवरून सतत जुळवले जाते.

पावसाळ्यात दोन गोष्टींची गल्लत होते. पाणी खरोखर आत शिरले तर निळे सिलिका जेल गुलाबी पडते आणि कनेक्टरवर हिरवट थर दिसतो. केबल खाली झोका देऊन मग वर आणली की थेंब तिथेच गळून पडतो. पण जोराच्या सरीनंतर तासभर वाढलेला आणि मग ओसरलेला दर हा बिघाड नसतो. पावसाबरोबर रेडॉनची कन्याद्रव्ये (हवेतल्या या किरणोत्सारी वायूच्या ऱ्हासातून बनलेली द्रव्ये) जमिनीवर उतरतात आणि त्यांचे गॅमा किरण कमी उंबरठ्याच्या, म्हणजे लहान स्पंदही मोजणाऱ्या, शोधकाला दिसतात. 2 सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकमध्ये म्यूऑन साधारण 4 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सोडतो, तर या गॅमांची ऊर्जा बहुतांशी 2.2 दशलक्षांच्या आत असते. उंबरठा या दोहोंच्या मधे आणावा.

बॅटरीविषयी एवढेच, की ढगाळ आठवडा गृहीत धरूनच तिची क्षमता ठरवावी.

हवेचा दाब न नोंदवणे ही मात्र अक्षम्य चूक आहे, कारण दाब वाढला की म्यूऑनचा दर घटतो आणि ही घट नंतर वजा करायला दाबाचे आकडे जवळ लागतात. दर घटला म्हणून तो भाग थेट वगळणेही तितकेच वाईट. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या उटी येथील ग्रेप्स-3 या वैश्विक किरणांच्या प्रयोगात 1 डिसेंबर 2014 रोजी गडगडाटी वादळात म्यूऑनची संख्या सुमारे 2 टक्क्यांनी घटली, आणि त्यावरून मेघातील सुमारे 1.3 अब्ज व्होल्टच्या विभवांतराचा अंदाज बांधता आला. त्या प्रयोगातील म्यूऑन दुर्बिणीचे, म्हणजे शोधकाचे, 16 स्वतंत्र विभाग आहेत. आपल्याकडे निदान दोन पेट्या असाव्यात, वेगळ्या बॅटरीवर. घट एकाच पेटीत दिसली तर आधी तिची टेप पाहावी.