व्हीपीएफ कापला, पण पासबुकात दिसत नाही? हा गुंता असा सोडवा

सॅलरी स्लिपवर व्हीपीएफची, म्हणजे पीएफमध्ये स्वतःच्या इच्छेने भरायच्या जादा वर्गणीची कपात दिसते आणि पीएफच्या पासबुकात ती रक्कम नसते, तेव्हा ऑफिसात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "थांबा, पासबुक अपडेट व्हायला वेळ लागतो." हा सल्ला मानू नका. नेहमीची बारा टक्के वर्गणी आणि तुमची ऐच्छिक वर्गणी एकाच चलनाने, एकाच ओळीत भरली जाते. त्या महिन्याची ओळ पासबुकात आली असेल आणि तिच्यातला आकडा कमी असेल, तर ते पैसे आलेलेच नाहीत, आणि थांबल्याने ते येणार नाहीत.

कागद

प्रत्येक महिन्याची सॅलरी स्लिप, पासबुकाची पीडीएफ आणि व्हीपीएफ सुरू करताना कंपनीला दिलेला अर्ज किंवा ईमेल जवळ ठेवा. मिस्ड कॉल किंवा एसएमएसवर फक्त शेवटची वर्गणी आणि शिल्लक कळते. या कामाला त्याचा उपयोग नाही.

पासबुक वाचताना

पासबुकात व्हीपीएफचा वेगळा रकाना शोधू नका, तो नसतो. ऐच्छिक रक्कम कर्मचाऱ्याच्या हिस्स्यातच मिळवलेली असते. समजा बेसिक आणि डीए मिळून ४०,००० रुपये आहेत, पीएफ पूर्ण रकमेवर कापला जातो आणि व्हीपीएफ ५,००० रुपये आहे. बारा टक्क्यांचे ४,८०० होतात, म्हणजे कर्मचारी हिस्स्यात ९,८०० दिसायला हवेत. कंपनीच्या ४,८०० पैकी १,२५० पेन्शनच्या रकान्यात आणि ३,५५० कंपनीच्या रकान्यात जातात. कंपनीने व्हीपीएफइतकी भर घालावी असे कुठेही बंधन नाही, त्यामुळे तो रकाना वाढला नाही म्हणून तक्रार करू नका.

महिने जुळवताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते आणि पासबुकातला 'ड्यू मंथ' त्या हिशेबाने पगाराच्या महिन्यापेक्षा एकाने पुढे असतो. एप्रिलचा पगार एप्रिलच्या ड्यू मंथशी लावला की सगळे हिशेब बिघडतात आणि एचआरला तुमचा तक्ता बाजूला सारायला निमित्त मिळते.

आता चार रकान्यांचा तक्ता करा: पगाराचा महिना, स्लिपवरची एकूण पीएफ कपात, पासबुकातला कर्मचारी हिस्सा, फरक. एवढेच.

चूक कुठे आहे ते आधी ठरवा

महिन्याची पूर्ण ओळच गायब असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये कंपनीचे नाव टाकले की तिने कोणत्या महिन्याचा भरणा कधी केला आणि किती कर्मचाऱ्यांचा केला हे लॉगिनशिवाय दिसते. भरणा झालाय आणि तुमची ओळ नाही, तर बहुतेक वेळा पैसे दुसऱ्या यूएएनवर (सदस्याचा कायमचा पीएफ क्रमांक) किंवा जुन्या मेंबर आयडीवर (एकेका नोकरीतला पीएफ खाते क्रमांक) गेलेले असतात. भरणाच झाला नसेल, तर ऑफिसात तुमच्यासारखे बरेच जण असतील. सगळ्यांनी मिळून लिहा.

ओळ आहे आणि आकडा कमी आहे, तर मात्र चूक पेरोलमध्ये आहे. खरी कसोटी इथे लागते. मलाही सुरुवातीला हीच पायरी सगळ्यांत जड गेली.

कंपनी दरमहा ईपीएफओकडे ईसीआर नावाची फाइल चढवते. तिच्यात प्रत्येक कर्मचाऱ्याची एक ओळ असते आणि तिच्यातही व्हीपीएफचा रकाना नसतो. पेरोलच्या सॉफ्टवेअरने बारा टक्के आणि ऐच्छिक रक्कम यांची बेरीज करून कर्मचारी वर्गणीच्या रकान्यात टाकायची असते. पेरोलचे कंत्राट बदलले, सॉफ्टवेअर बदलले, एप्रिलमध्ये नवी घोषणापत्रे भरली किंवा तुमची दुसऱ्या शाखेत बदली झाली, की ही बेरीज तुटते. पगारातून कपात सुरूच राहते आणि फाइलमध्ये फक्त बारा टक्के जातात.

ईपीएफओला यात काहीच चुकीचे दिसत नाही, हे नीट समजून घ्या. त्यांच्या लेखी तुमची सक्तीची वर्गणी पूर्ण आली आहे. तुम्ही जास्त रक्कम कापायला सांगितली होती हे त्यांच्या नोंदीत नाही. म्हणून "आधी थेट तक्रार पोर्टलवर जा" हा सल्ला मला पटत नाही. पुराव्याशिवाय तक्रार केली की कंपनीकडे विचारणा होते, कंपनी "वर्गणी नियमाप्रमाणे भरली आहे" असे कळवते आणि तक्रार बंद होते. ते उत्तर खोटेही नसते.

म्हणून आधी एचआर आणि पेरोल दोघांना एकाच ईमेलमध्ये लिहा. तक्ता जोडा आणि एकच गोष्ट मागा: त्या महिन्यांच्या ईसीआरमधली तुमच्या यूएएनची ओळ. पूर्ण फाइल मागू नका, तिच्यात इतरांची माहिती असते आणि तेवढ्यावरून नकार मिळतो. "आम्ही भरलेत, उशीर ईपीएफओकडे आहे" असे तोंडी उत्तर आले, तर तेच लेखी द्या म्हणून सांगा. ओळीतल्या कर्मचारी वर्गणीच्या रकान्यात ९,८०० ऐवजी ४,८०० असतील, तर वाद तिथेच संपला.

यानंतर कंपनी बहुधा म्हणते, "राहिलेली रक्कम पुढच्या पगारात परत देतो." माझे ठाम मत आहे की याला हो म्हणू नका. ती रक्कम पीएफमध्ये जमा आहे असे धरून तुमचा कर मोजला गेलेला असू शकतो, आणि तुम्हाला हवी होती ती बचतही हातची जाते. दुरुस्त किंवा पुरवणी विवरण भरून रक्कम पीएफमध्येच जमा करा आणि चलनाचा टीआरआरएन क्रमांक कळवा, असे लिहा.

व्याजही मागा. पीएफचे व्याज महिन्याच्या शिल्लकेवर मोजतात, म्हणून उशिरा आलेल्या पैशाला मधल्या महिन्यांचे व्याज मिळत नाही. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. दरमहा ५,००० याप्रमाणे सहा महिन्यांचे पैसे वेळेवर न येता शेवटच्या देय महिन्यानंतरच्या महिन्यात एकदम आले, तर साधारण ७२० रुपये बुडतात. रक्कम लहान वाटते, पण चूक कंपनीची आहे आणि वर्ष उलटले की ती वाढते. ही भरपाई कंपनीकडून पगाराबरोबर वेगळी मागा.

आर्थिक वर्षही बघा. १ एप्रिल २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या वर्षभरातल्या अडीच लाखांवरच्या वर्गणीचे व्याज करपात्र आहे. मागची थकबाकी पुढच्या वर्षात जमा झाली, तर त्या वर्षाची बेरीज अडीच लाखांच्या वर जाऊ शकते. म्हणून तगादा ३१ मार्चच्या बराच आधी लावा.

तक्रार

लेखी मुदत देऊनही हालचाल नसेल तर ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर यूएएनने तक्रार नोंदवा. मजकूर कोरडा ठेवा: "एप्रिल ते सप्टेंबर २०२५ च्या पगारातून दरमहा ५,००० रुपये ऐच्छिक वर्गणी कापली. कर्मचारी हिस्स्यात ती जमा नाही. एकूण फरक ३०,००० रुपये. अर्ज, स्लिपा, पासबुक आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडला आहे." रागाचा एकही शब्द नको. सगळे एकाच पीडीएफमध्ये जोडा आणि तुम्ही दिलेला व्हीपीएफचा अर्ज पहिल्या पानावर ठेवा, कारण ईपीएफओकडे नसलेला कागद तोच आहे.

तक्रार नुसत्या शेऱ्याने बंद झाली तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात तोच संच घेऊन जा. कागद समोर ठेवून अधिकाऱ्याशी पाच मिनिटे बोलणे पोर्टलवरच्या स्मरणपत्रांपेक्षा जास्त कामाचे ठरते, असा माझा अनुभव आहे. त्यानंतर सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचे तक्रार पोर्टल आहे. पगारातून कापलेली पीएफची वर्गणी न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, पण पहिल्याच पत्रात ही धमकी घालू नका. पेरोलमधला माणूस घाबरून गप्प बसतो आणि तुमची ओळ हाती लागत नाही.

पैसे देऊन काम करून देणारे एजंट टाळा. तुमचा ओटीपी त्यांच्या हातात जातो, आणि ईसीआरची ओळ मिळवायला त्यांनाही तुमच्याच एचआरकडे जावे लागते.

कंपनीचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असेल तर वर्गणी ईपीएफओच्या पासबुकात दिसणारच नाही. तिथे ट्रस्टचे विवरणपत्र मागवा आणि तोच तक्ता त्याच्याशी जुळवा.

नोकरी सोडणार असाल तर हा फरक राजीनाम्याआधी मिटवा. नोटीस पिरियडमध्ये पेरोलला तुमचे काम संपवायची घाई असते आणि जुनी फाइल उघडायला कुणी तयार नसते.